पट्टी कुठून सुरू होते

सलमाबादच्या गराजात दिवसभर मी
ठोकलेल्या गाड्यांचा रंग जुळवतो.
पांढऱ्याच्या एकोणीस जाती मला नजरेनं कळतात,
त्यातल्या चार फक्त सकाळी दहाच्या आत.
रात्री खोलीवर, खालच्या बंकवर दिवा ओढून
बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई रंगवतो.

गिऱ्हाईक एकच: मुहर्रकचे अब्दुलरसूल.
बंदरावर कस्टममध्ये होते, आता घरी.
त्यांना हवी होती मराठ्यांची पलटण,
चौदा सालच्या ऑक्टोबरातली,
जी बोटीतून आली, ह्याच किनाऱ्यासमोर
आठ-दहा दिवस नांगरून राहिली
आणि न उतरताच वर बसऱ्याकडे गेली.
न उतरताच, हे त्यांनी मोडक्या हिंदीत तीनदा सांगितलं.
म्हणजे, बुटांना वाळू लावू नकोस.

आता खाकी.
खाकी म्हणजे कुठली खाकी?
फोटोत तर सगळंच राखाडी.
मुंबईच्या धक्क्यावरची कोरी,
की डेकवर पंधरवडाभर घाम प्यालेली?
बेसनात चहा सांडावा तसा एक रंग केला,
तो दिव्याखाली हिरवट निघाला. ओतून दिला.
दुसरा बरा जमला.
मग काखेत बारीक ब्रशानं मिठाची पांढरी रेघ काढली.
ती पुस्तकात नाही.
माझ्या डांगरीवर आहे.

साचा विलायती, नाकं सुरीसारखी.
कानशीनं एकेक घासून आपल्यात आणलं.
कातडीच्या रंगाला केळुसकर बरा, झोपलेला:
वरच्या बंकवरून त्याचा हात लोंबतो,
त्यावर एक ठिपका देऊन बघायचं,
ठिपका दिसेनासा झाला की रंग बरोबर.
सकाळी तो हात चोळत विचारतो,
ढेकूण झालेत का रे?

पहिले सहा घेऊन मी मुहर्रकला गेलो.
अब्दुलरसूलनी भिंग लावलं.
पगड्या पाहिल्या, काडतुसांचे पट्टे पाहिले,
मिठाची रेघ पाहून हं म्हणाले.
मग भिंग खाली, पोटऱ्यांवर आलं आणि थांबलं.
ह्यांचे घोडे कुठे आहेत?
मला कळेना.
पट्टी गुडघ्यातून सुरू करून
गाठ घोट्याशी बांधली आहेस तू, हे घोडेस्वार.
पायदळाची पट्टी घोट्यातून वर चढते.
गाठ गुडघ्याखाली.
चहा दिला, खजूर दिला, शिपाई परत दिले.
नाक मुठीत धरून मी बस पकडली.

केळुसकर सलमानियाला वॉर्डबॉय आहे.
ऐकून हसला. म्हणाला, खालूनच बांधायची असते रे.
उभ्या माणसाचं रक्त पायात उतरतं,
ते वर ढकलावं लागतं.
मग म्हणाला, पँट वर कर.
बारा तास स्प्रे मारणाऱ्याच्या पोटऱ्या त्यानं पाहिल्या,
निळ्या गाठी पाहिल्या,
बोलला काहीच नाही.
ट्रंकेतून क्रेपची पट्टी काढून
घोट्यापासून बांधत आणली,
प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, तिरका.
नऊ वेढे झाले. मी मोजले.
त्या रात्री डावा पाय लॅम्पखाली ठेवून
त्याच्यावरून पाच जणांच्या पट्ट्या पुन्हा रंगवल्या.
बोटीवर कवायत कसली असणार?
नुसतं उभं राहणं,
समोर खजुरीची एक रेघ, जवळ येत नाही, दूर जात नाही.
त्यांच्याही पोटऱ्या दुखल्या असतील.

सहावा तसाच ठेवला.
अब्दुलरसूलना सांगितलं, पडून हात मोडला.
खोटं बोललो.
खिडकीच्या कट्ट्यावर उभा आहे तो,
गाठ घोट्याशी.
खिडकीतून समुद्र दिसत नाही,
टायरचं दुकान दिसतं.
त्याच्या बुटांना मी वाळू लावली,
गराजातल्या एका गाडीच्या वायपरखाली साचलेली,
इथलीच.
एक तरी उतरला.

केळुसकर विचारतो, हा इथे काय करतो?
मी म्हणतो, घोडा शोधतोय.