दुसऱ्यांदा

पहिल्यांदा सोडलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते.
सगळे हसले, कौतुकानं.
पोशव्वा आत्या म्हणाली, दुधाचा दात पडलाय,
येतंय परत.
आणि आलंच की.
नववीत शाळेच्या जिन्यावर चक्कर येऊन पडले.
सिव्हिलच्या डॉक्टरनं पापणी खाली ओढून बघितली
आणि अम्मानं त्याच संध्याकाळी
विडीच्या मजुरीतून पाव किलो कलेजी आणली.
मी खाल्ली.
हे कुणाला सांगत नाही, पण
चांगली लागली.

आता सोळा.
आता कुणी हसत नाही.

रविवारी अकरा वाजता
आमच्या गल्लीतल्या सगळ्या कुकरांना एकच वास असतो.
बापू सहा रात्री लूमवर काढून
सातव्या दिवशी जेवायला बसतात,
कानात अजून खडखडाट, भुवयांत टॉवेलचे तंतू.
अर्धा किलो, चौघांत.
त्यातली नळी ते माझ्या ताटात ठेवतात,
दर वेळी, न बोलता.
बोलले असते तर नाही म्हणणं सोपं होतं.

मी नळी श्रीनूच्या ताटात सरकवली.
बापूंनी परत माझ्या ताटात ठेवली.
मी परत सरकवली.
श्रीनू म्हणाला, माझं कुणाशी भांडण नाही बे,
आणि चोखायला लागला.

"रस्सा तरी घे की. रस्सा म्हणजे काय मटण असतंय?"
"कोण शिकवलं तुला? लिंगायत व्हायलीस का?"
"परत पांढरी पडलीस तर मी येणार नाही सिव्हिलला."
येणार. अम्मालाही माहीत आहे.

कारण विचारतात.
असतं तर दिलं असतं,
बकऱ्याचे डोळे वगैरे.
पण खाटकाच्या दुकानावरून मी रोज क्लासला जाते
आणि माझं काही मोडत नाही.
एवढंच, की घास तोंडात गेला
की आतून कुणीतरी म्हणतं, नको.
आवाज न चढवता,
अनोळखी घरात पाहुणा दुसरा चहा नाकारतो तसं.

शिवलीलाची आई मात्र खूश झाली.
गालावरून हात फिरवून म्हणाली,
"छान केलंस बाई, आता आमच्यातली झालीस."
आणि पहिल्यांदाच मला आत बोलावलं, स्वयंपाकघरात.
चार वर्षं मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत
गणितं सोडवत होते.
तेव्हाही मी हीच होते.
मी उंबऱ्यावर थांबले.
"नको काकू, मी तिकडचीच," म्हणाले, चप्पल घातली,
अशोक चौकापर्यंत चालत आले.
डोळ्यांतून येत होतं ते रडू की राग,
त्या उन्हात काही कळेना.

आखाडात पोचम्मापुढं कोंबडं कापलं.
मी हात जोडले, भात घेतला,
कडुलिंबाचं पान चावलं, बाकीचं राहू दिलं.
आत्या म्हणाली, देवीपेक्षा मोठी झालीस?
देवी काही म्हणाली नाही.
आत्या त्यानंतर दोन महिने काही म्हणाली नाही.

आता रविवारी माझं मी करते.
लोखंडी कढईत पालक, डॉक्टरच्या भीतीनं.
शेंगाचटणी, वर कच्चं तेल,
बुक्कीनं फोडलेला कांदा.
भाकरी थापताना काठ फुटतात,
मी बोट ओलं करून सांधते,
ते दुसरीकडून फुटतात.

काल एका बाजूनं करपली.
श्रीनूनं तुकडा मोडून रश्श्यात बुडवला.
बापूंनी दुसरा.
"करपलीय," बापू म्हणाले,
तिसरा तोडत.

नळी कुणाच्याच ताटात नव्हती.
जेवणं झाल्यावर
अम्मानं पातेल्यावर ताटली झाकली, वर पाटा ठेवला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"संध्याकाळपर्यंत राहतंय. मन बदललं तर."