पू दीर्घ

गोळीबार चौकात, पानठेल्याच्या वर
तुमचा फ्लेक्स लागलाय, बाई.
फोटो निवृत्तीच्या दिवशीचा,
चश्म्याच्या एका काचेत फ्लॅश अडकलेला.
खाली ठळक अक्षरांत: भावपुर्ण श्रध्दांजली.
दोन शब्द. दोन चुका.

नवतपा सुरू आहे. डांबर चपलेला चिकटतं.
मी स्कूटी बंद न करता पाहते
आणि काही न बोलता घरी येते.

नाईक तलावाजवळची महापालिकेची शाळा, चौथी ब.
पहिल्याच दिवशी मी हात वर केला,
"मोठीमाय, पाणी पिऊन येऊ?"
वर्ग हसला. तुम्ही नाही हसलात.
"इथे मी बाई. आणि तू हेडाऊ, रोल नंबर एकतीस."

संध्याकाळी तांडापेठेत, त्याच तोंडानं,
"काऊन वो, फुगून बसली?
ये इकडे, वेणी घालून देतो तुले."
शाळेत मला, घरी मले.
कुठल्या वळणावर बदलायची तुझी भाषा
हे शोधायला मी एकदा तुझ्या मागून चालत आले.
पिठाच्या गिरणीपाशी, बहुतेक.

मोठे बाबा गेले तेव्हा तू चोवीसची.
चार दीर, सासू, खड्ड्यातला माग,
आणि डी.एड.चे सहा महिने बाकी.
कोण काय बोललं ते तू कधी सांगितलं नाहीस.
सांगितलंस ते इतकंच, की पहिल्या पगारातून
मागाला नवा धोटा आला
आणि सासूला चपला.
माझ्या बाबांना, सगळ्यांत धाकट्या दिराला,
पाढे पाठ झाले ते मागाच्या ठेक्यावर.
अजूनही ते सतराचा पाढा म्हणताना
उजवा पाय हलवतात.

त्यांच्याच लग्नाच्या तीनशे पत्रिका
तू छापखान्यात परत पाठवल्यास,
'आशिर्वाद'मधल्या शि साठी.
माझ्या आईकडचे अजून बोलून दाखवतात.
होस्टेलवरून मी लिहिलेलं पत्र
सात लाल गोल घेऊन उलट टपाली आलं;
तळाशी निळ्या शाईत:
पोट्टे, जेवत जाय.

वाल्मीक निनावे. रोल नंबर बत्तीस.
माझ्याच बाकावर बसायचा,
त्याच्या बोटांना मागाच्या खळीचा वास यायचा.
तुम्ही त्याला नापास केलंत
शुद्धलेखनात, दोन गुणांनी.
जूनमध्ये तो आला नाही. जुलैमध्येही नाही.
तुम्ही त्याच्या घरी दोनदा जाऊन आलात,
हे मला फार उशिरा कळलं.
नंतर चौकात त्याचं दुकान झालं
आणि तुम्ही भाजीला जाताना
मागच्या गल्लीनं, वळसा घालून जायचात.
गुडघे दुखायचे तरी.

शेवटच्या दोन महिन्यांत
शाळेची भाषा तुझ्याकडून निघून गेली.
हजेरी, व्याकरण, माझं नाव.
कुलर घरघरत राहायचा, वाळ्याचं पाणी टपकायचं
आणि तू उशीवरून मान न वळवता विचारायचीस,
"वाल्मीक जेवला काय?"
आम्ही म्हणायचो, हो, जेवला.
तुला पटायचं नाही. पुन्हा विचारायचीस.

आज सकाळी लाल मार्कर घेऊन आले.
दुकानाचं शटर अर्धं वर.
टोपण काढलं. पहिला उकार कुठून ओढायचा
ते ठरवत होते,
तेवढ्यात वाकून बाहेर आला वाल्मीक,
केस पांढरे, हातावर शाई.
"पैसे नाही घेतले बरं का वो," म्हणाला,
"रातभर बसून मीच टाइप केला."
मग माझ्या हाताकडे पाहिलं.
"काही चुकलं का?"

मार्करचं टोक उन्हात वाळत होतं.

"नाही," मी म्हणाले.
"जेवला काय तू?"