पारा

आधी तळघरात उतरून सात नंबरचं बटण पाडलं.
भट्टीची घरघर थांबली
आणि सरोवरावरचा वारा ऐकू आला.
इतकी वर्षं तो असणारच तिथं.

ड्युलुथमधली सकाळ, उणे अकरा.
घाई कर आर्डिस, मी म्हटलं,
घर दम धरेल, नळाचे पाइप धरणार नाहीत.

गोल झाकण ओढलं की निघतं.
आत घड्याळातल्यासारखी गुंडाळलेली पट्टी,
तिच्या माथ्यावर शेंगेएवढी काचेची नळी,
नळीत पाऱ्याचा थेंब.
हा पारा चढत नाही कधी, नुसता कलंडतो.
इकडे कलला की ऊब,
तिकडे कलला की गप्प.

चढायचा तो रॉस्कोचा.
अडुसष्टच्या पुढे काटा दिसला की जिन्यावरून ओरडायचा,
गॅस काय तुझ्या बापाचा आहे?
मी उतरवायची,
तो गोदीवर गेला की पुन्हा चढवायची.
आता तो अ‍ॅरिझोनात असतो, नव्या बायकोकडे.
तिथं म्हणे दिवसभर गारवा विकत घेतात.

वायरी दोनच निघाल्या, लाल आणि पांढरी.
एवढ्याशावर सगळे हिवाळे.
भिंतीत सटकू नयेत म्हणून पेन्सिलीला गुंडाळल्या,
दात लावून टोकं सोलली
(सोलू नयेत असं कागदावर लिहिलंय).

नवा चौकोनी आहे.
जुन्याचा गोल पुरता झाकत नाही,
वर पिस्ता रंगाची एक कोर उरते,
नखाएवढी.
हा रंग आम्ही कधी दिला होता?

बॅटऱ्या घातल्या तसा तो विचारू लागला.
उठता केव्हा?
निघता केव्हा?
परतता केव्हा?
झोपता केव्हा?
बोटांनीच उत्तरं दिली. साडेचार. पाच दहा.
सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेली बोटं,
जूनमध्ये किल्ल्या परत केल्या
हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाच दहाला
घराला वाटलं, मी गेले.
अडुसष्ट. सदुसष्ट. पासष्ट.
मी स्वयंपाकघरात कोट घालून बसलेली,
कॉफीवरची वाफ जाड होत चाललेली.
बटण दाबून सांगता आलं असतं की आहे मी, आहे.
नाही सांगितलं.
तीन दिवस नाही.

शनिवारी जुना यंत्राचा तुकडा कॉफीच्या डब्यात ठेवून निघाले.
पारा कचऱ्यात टाकायचा नसतो,
एल्डनच्या दुकानात घेतात.
शेजारच्या सीटवर डबा उघडाच.
प्रत्येक वळणाला थेंब कलायचा,
सरळ रस्त्यावर मधोमध थरथरत राहायचा.
उतारावरच्या त्या कोपऱ्यावर,
जुळी पोरं उभी असायची तिथं,
गाडी थांबली.
मी थांबवली म्हणा.
उजवा हात दार उघडायच्या दांड्याकडे गेला,
दांडा नव्हता.

एल्डनने नळी उजेडात धरली,
इकडे तिकडे कलवून पाहिली.
चांगला चालतोय की अजून, म्हणाला.

हो, मी म्हटलं.