हस्तक्षेपक क्रमांक सात

मूळ खटला केंद्र विरुद्ध राज्य.
जमीन कुणाची, एवढाच मुद्दा.
दोन्हीकडची मिळून अकराशे पानं,
त्यात 'मीठ' नऊ वेळा,
मीठ काढणारा एकदाही नाही.
मी मोजलंय. माझं कामच ते,
बोट जिभेला लावून पानं मोजायची, आकडे घालायचे,
फोर्टात, बोरा बाजारात, तिसऱ्या मजल्यावर
डाबरे मॅडमच्या ऑफिसात.

धर्मा मढवी चपला दाराबाहेर काढून आत आले.
भांडुपच्या मिठागरातले. संघटनेचे सभासद एकेचाळीस.
"चौदा वारले," म्हणाले, "पण नावं काढली नाहीत."
मॅडमनी विचारलं, तुमचा या जमिनीशी संबंध काय?
एका वाक्यात सांगा, कोर्ट आधी हेच विचारतं.
ते बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत राहिले,
माझी बोटं कीबोर्डवर टांगलेली.

वाक्य नाही निघालं, पिशवी निघाली.
दुधाच्या रिकाम्या पिशवीत गाठ मारून आणलेलं
मूठभर मीठ. राखाडी, जाड, ओलसर.
"हे लावा कागदाला."

परिशिष्ट क, मॅडम म्हणाल्या. हसल्या नाहीत.
मी फोटो काढला. छापून आलं
नुसतं पांढरं पान, कोपऱ्यात जराशी सावली.
दिल्लीहून रजिस्ट्रीनं दोष काढला:
परिशिष्ट क वाचता येत नाही, सुवाच्य प्रत जोडावी.

मग रात्रभर भाषांतर.
खाजण, बांध, उधाण यांना इंग्रजी कशीबशी मिळाली,
कोंडीला मिळेना.
"पाणी अडवून उन्हात ठेवायची जागा," मढवी फोनवर म्हणाले.
थोडं थांबून: "म्हणजे आत्ता आम्ही आहोत ना, तसं."
मॅडमनी शब्द तसाच ठेवला, खाली टीप दिली.

आमच्याआधी रांगेत सहा जण.
टॉवर बांधणाऱ्यांचा महासंघ, गरिबांच्या घरांची त्यांना
शपथेवर काळजी.
समोरच्या सोसायट्यांना मोकळी हवा हवी,
एका अभ्यासकेंद्राला फक्त तत्त्व.
आणि पक्ष्यांची संस्था. रोहितांच्या बाजूनं
इतके मोठे वकील की मूळ पक्षकारही उठून नमस्कार करतात.
मढवींना राग नाही आला.
"पाखरं आमच्याच कोंडीत उतरतात. त्यांचं वकीलपत्र असंल
तर आमचंबी त्यातच कुठंतरी आलं."
तसं नसतं, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

तारखेला लॅपटॉप फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवला.
चांगुणा भोईर नवं लुगडं नेसून पुढे बसल्या,
जणू त्याही तिकडून दिसणार होत्या.
सरकारी वकील इंग्रजीत काहीतरी म्हणाले,
मी हळूच मराठी केलं:
"बाहेरचे आलेत, दुधात मिठाचा खडा टाकायला."
चांगुणाबाई खळखळून हसल्या.
"मंग? आम्ही दुसरं काय टाकनार?"

मॅडमना दोन मिनिटं मिळाली.
त्यातली चाळीस सेकंदं माइक बंद.
आदेश: तोंडी ऐकण्याची आवश्यकता नाही,
तीन पानांत लेखी द्यावं, दोन आठवड्यांत.

तीन पानं.
मढवींनी विचारलं, जिंकलो का?
मॅडम म्हणाल्या, आत आलो.
ते चपला घालून जिना उतरले, आणि वळून परत आले
छत्री राहिली म्हणून.

आता रात्रीचे साडेनऊ. पडद्यावर लिहिलंय:
'हस्तक्षेपक क्रमांक सात यांचा सदर जमिनीशी संबंध असा की'
पुढे रेघ उघडझाप करतेय.
टेबलावरच्या पिशवीला दमट हवेनं पाणी सुटलं,
गाठीतून झिरपून मूळ प्रतीवर गेलं.
कुठल्या पानावर ते सांगत नाही,
जुळवून आणल्यासारखं वाटेल.
पंख्याखाली वाळवलं. डाग करकरीत झाला.

एकही पान खराब व्हायला नको म्हणून
पुन्हा मोजायला घेतलं.
सहाशे अकरा, सहाशे बारा,
सवयीनं बोट जिभेला लावलं,

आणि आकडा विसरलो.