तिसरं कडवं

"मुइरिन, तू म्हण ना," कुणीतरी म्हणालं
आणि हातातला ग्लास एकाएकी जड झाला.
चाळीस माणसं, दोन कुत्री,
चुलीत पीटची काळी माती धुमसतेय.
सगळे गप्प.
कॉनेमारात गप्प होणं हेच आमंत्रण.

मी शाळेची बस चालवते.
समुद्राला लागून, एका गाडीपुरत्या रस्त्यावर,
धुक्यात सव्वीस पोरं मागे घेऊन वळते
तेव्हा हात कापत नाहीत माझे.
बस रिकामी झाली की परतताना गाते,
अकराच्या अकरा कडवी, मोकळ्या गळ्याने.
मेंढ्या मान वळवून बघतात, तेवढंच.

पण माणसांचे डोळे आले की
पोटात गोळा, जिभेला कोरड,
आणि कानामागे तो आवाज,
माझाच, फक्त माझ्याहून सुरेल:
तुझी आई गायची.
तू पाठ म्हणतेस.

तीन वर्षांपूर्वी स्पर्धेत
तिसऱ्या कडव्याच्या उंबऱ्यावर उभी राहिले
तर आत कुणीच नव्हतं.
परीक्षक पाणी प्याले.
तो घोट मला अजून ऐकू येतो.

बाबा टोपी डोळ्यांवर ओढून गायचे,
कोलमन मामा भिंतीकडे तोंड करून.
लाजण्याची सोय आमच्या जुन्यांनीच करून ठेवलीय.
मी भिंत शोधत होते
तेवढ्यात बार्टला उठला.
वय एक्याऐंशी, दोन्ही कानांनी ठार बहिरा,
यंत्र कानात नाही, खिशात.
खुर्ची ओढली, माझा हात हातात घेतला.
विचारलं वगैरे नाही.
समुद्रातलं शेवाळ कापून कापून
त्याचा तळवा शिंपल्या चिकटलेल्या खडकासारखा.
आणि तो हात फिरवू लागला,
रहाट फिरवावा तसा, गोल, सावकाश,
माझ्या मनगटातून काही वर ओढायचं असल्यासारखा.

मी सुरुवात केली.
पट्टी वरची लागली, नको तितकी. आता इलाज नव्हता.
पहिल्या कडव्यात सुतार होडी बांधायची ठरवतो.
दुसऱ्यात बायको विचारते, कुणासाठी.
तिसरं.

तिसरं

कुत्र्याने जांभई दिली.
बार्टलाचा हात थांबला नाही.
मी थांबलेय हे त्याला कळलंच नसेल.
की कळलं होतं?
फेरा खाली गेला, वर आला,
आणि वर येताना चौथं कडवं घेऊन आला.
झाड न तोडताच होडी पाण्यात गेली.
दाराजवळून कुणी म्हणालं, "देव तुझं भलं करो, पोरी,"
आणि मी गात राहिले.
भरती, वादळ, वल्ह्याचा तुकडा,
दहाव्यात सुताराचं शरीर वाळूवर.

आणि तिथे, नको त्या जागी,
तिसरं आलं.
डोंगरावर जाऊन झाड निवडलं,
सरळ, गाठ नसलेलं,
करवत लावली, फळ्या काढल्या,
माणसाच्या लांबीच्या.

शब्द तेच होते, आईने शिकवलेले.
पण ती होडी राहिली नव्हती.
माझा गळा दाटला, ते मात्र भीतीने नव्हतं.
कुणी ग्लास उचलला नाही.

नंतर पॉरिकने भुवया उडवल्या,
"हे असं कुठल्या गावी म्हणतात गं?"
मी म्हटलं, "बसच्या रस्त्यावर."
मग मागच्या अंगणात जाऊन ओकले.
हेही सांगायला हवं.

सोमवारी सव्वासातला तो आवाज पुन्हा चढला,
मागच्या सीटवर बसला, म्हणाला, नशीब तुझं, निभावलं.
मी म्हटलं, पट्टा लाव.

हां, शेवटच्या कडव्याचं राहिलं.
आमच्यात शेवटची ओळ गात नाहीत.
सुरावरून खाली उतरतात
आणि ती नुसती बोलतात,
घरात कुणाला सांगावं तशी.
मी बोलले:
एवढंच होतं. आता दिवा मालव.
बार्टलाने हात सोडला
आणि खिशातून यंत्र काढून कानात घातलं.