अक्षरी रुपये

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या तक्रारी टाइप केल्या,
वांद्र्याला, झेरॉक्सच्या दुकानातल्या अर्ध्या फळीवर.
कुणाचा फ्रिज, कुणाचा फ्लॅट,
एकीचं शिलाई मशीन, टाका सुटणारं.
सदर वस्तू, सदर इसम, सदर दिवशी.
इतकं सदर लिहिलं की एकदा
नवऱ्याला हाक मारतानाही तोंडात तेच आलं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले.
पोस्टातली आवर्ती ठेव मोडली, उरलेलं कर्ज.
शोरूमवाल्यांनी पुठ्ठ्याची हातभर किल्ली देऊन फोटो काढला,
नारळ फोडला, चाकाखाली लिंबू.

अकराव्या दिवशी अमर महालच्या पुलावर, ऐन चढाला,
पिवळा दिवा लागला आणि गाडी
बोलता बोलता शब्द विसरावा तशी थांबली.
मागच्या सीटवर वन्सं, डायलिसिसहून परतताना,
डोळे मिटलेले.
"पोचलो का गं?"

कुर्ल्याच्या वर्कशॉपात मात्र पहिल्या किल्लीला सुरू.
डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की दाढ दुखायची थांबते, त्यातलं.
जॉब कार्ड पहिलं: निरीक्षण केले, दोष आढळला नाही.
दुसरं: सेन्सर बदलला.
तिसरं: दोष आढळला नाही.
चौथ्याला ऋत्विज नावाचा पोरगा, गळ्यात ओळखपत्र,
"काकू, नव्यानंच शिकलात ना?
क्लचवर पाय राहत असेल."
पाय!
माझी बोटं बघ रे, म्हणणार होते,
मिनिटाला चाळीस शब्द, खाली न बघता.
म्हटलं नाही.
सहीच्या वर फक्त लिहिलं:
दोष कायम. गाडी नाइलाजाने ताब्यात घेतली.

दिनदर्शिकेच्या चौकटीत मावेल तेवढं:
दूध दीड लिटर. गाडी बंद, ८१२ किमी, चेंबूर नाका.
गॅस आला. गाडी बंद, १९४० किमी.
त्रेचाळीस दिवस ती त्यांच्याकडे उभी होती,
हमीचे दिवस माझ्याकडून वजा होत होते.
विक्रेता म्हणतो, कंपनीला विचारा.
कंपनी म्हणते, विक्रेत्याकडे जा.
नारळ फोडताना मात्र फलकावर दोघांचीही नावं होती.

मग एका रात्री स्वतःसाठी टाइप करायला बसले.
तक्रारदार: मी.
सामनेवाले क्रमांक एक. सामनेवाले क्रमांक दोन.
गाडी बदलून द्यावी, अथवा व्याजासह रक्कम.
सगळं सरसर झालं, शेवटच्या ओळीपर्यंत.
मानसिक त्रासापोटी रुपये

इथे मी लोकांसाठी पन्नास हजार टाकायचे, न विचारता.
कुणी घुटमळलं तर, "राहू द्या हो, कापतातच ते."
त्या शिलाई मशीनवालीनं, वैजयंता कांबळीनं,
विचारलं होतं, "हे मोजतात कसं?"
मी पुढचं पान लावलं होतं.

मोजतात कसं?
पुलावर मागून वाजलेले हॉर्न धरायचे,
की त्यानंतर वन्सं रिक्षानंच जायला लागल्या ते,
"तुला कशाला त्रास" म्हणत?
पहाटे तीनला एक आकडा टाकला. कसा, ते सांगत नाही.

सुनावणीला गाडी घेऊनच गेले.
सायन, धारावी, कलानगरचं वळण,
कुठे हिसका नाही, दिवा नाही.
माझाच साक्षीदार फितूर.
उतरून बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं.
राग यायला हवा होता.

आत कारकुनानं फाईल उलटली.
"बाई, आकड्यात लिहिलंय. अक्षरी राहिलं."
एवढी वर्षं दुसऱ्यांची ही चूक मी पकडायचे.
त्याचंच पेन मागून घेतलं, टोपण दातात धरलं.
अक्षरी रुपये, लिहिलं,
आणि पुढचं एकेक अक्षर
खाली बघून लिहायला लागले.