आसनव्यवस्था

सतरा सप्टेंबरच्या आदल्या रात्री
परभणीच्या कलेक्टर कचेरीत
मी खुर्च्या मांडतो, आधी कागदावर, मग मांडवात.
पहिल्या रांगेला पांढरे टॉवेल, दुसरीला नुसती कव्हरं,
तिसरीपासून प्लास्टिक.
प्लास्टिकला पद नसतं.

मागच्या वर्षी एक खुर्ची डावीकडे सरकली
आणि दोन सभापती दिवाळीपर्यंत
एकमेकांशी बोलले नाहीत.

ड्रॉवरमध्ये वाचनालयाचं जाड पुस्तक आहे, मुदत उलटलेलं.
जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आम्ही म्हणतो;
मधला मुलूख मला त्यातच पहिल्यांदा दिसला.
तिथे भेटला माझा जातभाई,
कॉन्स्टँटिनोपलचा, हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा,
सम्राटाच्या पंगतीत कोण कुठे बसेल
एवढंच ठरवणारा कारकून.
त्याच्यापुढे पॅट्रिकिओस, मॅजिस्ट्रोस,
पूर्वेकडच्या प्रांतांचे सुभेदार वर,
पश्चिमेकडचे खाली,
आणि बल्गारांचे पाहुणे, त्यांचं काय करायचं?
जागा चुकली, तो लिहितो,
तर मानकऱ्याचा अपमान होतोच, पण आपलंही हसं होतं.

वाचनालयाचं पुस्तक असूनही
मी हे वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलं.

स्पाथारिओस म्हणजे तलवारधारी.
तलवार मिळायची, सोन्याच्या मुठीची,
उपसायची गरज कुणाला पडत नसे.
सिलेंशियारिओस म्हणजे दरबारात शांतता राखणारा;
पुढे नुसता किताब उरला,
शांततेचं काय झालं, नोंद नाही.

मी हसलो तेव्हा दारात चोपदार उभे होते.
खाजामियाँ चोपदार, शिपाई, हातात चहाचा थर्मास.
चांदीची काठी त्यांच्या पणज्याकडे होती म्हणतात,
निजामाच्या काळी, अव्वल तालुकदाराच्या पुढे चालायचे ते.
काठी गेली. आडनाव राहिलं.
आमच्या गल्लीत सरदेशमुखांची रिक्षा आहे,
फौजदारांचं झेरॉक्स,
आणि मी पोतनीस,
खजिना फक्त पगाराच्या मेसेजमध्ये पाहिलेला.

मी त्यांना गोष्ट सांगितली:
एका म्हाताऱ्या पुरोहितानं साठ रत्तल सोनं मोजून
प्रोटोस्पाथारिओस व्हायचं ठरवलं.
गळ्यात सोन्याची कडी, वर्षाला रत्तलभर वेतन.
दोन वर्षांचं वेतन घेतलं आणि मेला.
म्हणजे अठ्ठावन्न रत्तल घाटा.
"घाटा कायका, साब?" चोपदार म्हणाले,
"दोन वर्षं कडी घालून हिंडला ना."

साडेदहाला फोन वाजला.
साहेबांची बदली. आदेश निघालाय,
नवे साहेब सकाळी थेट झेंड्यालाच येतील.
मी चिठ्ठ्या पाहिल्या. काहीच बदलायचं नव्हतं.
खुर्चीवर मी नाव लिहीत नाही, पद लिहितो;
हे मला कुणी शिकवलं नाही,
तीन चिठ्ठ्या फाडल्यावर कळलं.
भिंतीवरच्या फळीवर मात्र नावंच आहेत,
वरची उर्दूतली, मधे रंग उडालेला,
खाली पेंटरने उद्यासाठी सोडलेली बोटभर जागा.

तिकडच्या सुभेदारांचे शिशाचे शिक्के
अजून चिखलात सापडतात, पुस्तकात चित्र आहे.
एका बाजूला देवाची आई,
दुसऱ्या बाजूला: तुझ्या या दासाला सांभाळ,
मग नाव, मग किताब, मग प्रांत.
नावाचीच अक्षरं बहुधा झिजलेली.

बाराच्या सुमारास आम्ही मांडवात गेलो.
खुर्ची डगमगते का हे पाहायला
दरवर्षी चोपदार प्रत्येकीवर बसून बघतात,
प्लास्टिकपासून सुरुवात, मग कव्हरं, मग टॉवेल.
मी यादीवर टिक करत जातो.
मधल्या खुर्चीवर ते जरा जास्त वेळ बसले.
"हलते का?"
"नाही," ते म्हणाले, मान इकडेतिकडे करत,
"पण इथून झेंडा दिसत नाही, साब.
खांब मधे येतो."